सिट्रोएनच्या नाकावरच्या त्या दोन फिती नक्की कसल्या?

आमच्या सोसायटीत मागच्या महिन्यात एक नवी गाडी आली, पुढे नाकावर एकावर एक दोन उलटे व्ही असलेली. पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवून गाडी त्यांच्यावरून नेली, पेढे वाटले, सगळं रीतसर. मी पेढा खात उभी होते तर आमचे वॉचमन काका, साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले, गाडीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "ताई, दोन फिती म्हणजे नाईक. पण ह्यांनी उलट्या लावल्यात."

काकांचं तसं बरोबरच होतं. आपल्या लष्करात लान्स नाईकला एक, नाईकला दोन आणि हवालदाराला तीन फिती असतात आणि त्यांचं टोक खाली असतं. गाडीवर टोक वर. मालकाला विचारलं तर तो म्हणाला की ते डोंगर आहेत, प्रगतीचं चिन्ह वगैरे. त्याचा भाचा म्हणाला बाण आहेत. मी मेकॅनिकल डिप्लोमावाली, मला राहवेना, मी म्हटलं ते गिअरचे दाते आहेत. तर सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हिला पेढा चढलाय का. कारण गिअर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, मोबाईलमध्ये सेटिंगचं चिन्ह असतं ते. गोल चाक, कडेनं सरळ सरळ दाते. त्यात व्ही कुठून आला?

तर हा लेख त्या व्ही बद्दल. कारण "लोगो म्हणजे गिअरचे दाते" एवढं एका ओळीत सगळेच सांगतात, पण ते दाते तसे का, आणि एखाद्या माणसाला ते दाते एवढे प्रिय का की त्यानं आयुष्यभर प्रत्येक गाडीच्या कपाळावर लावले, हे समजलं तरच मजा आहे.

आधी नावाचं बघू, कारण त्यात लिंबू आहे आणि आत्ताच आपण चाकाखाली लिंबू ठेवलंय. ही फ्रेंच गाडी कंपनी काढणारा आंद्रे सित्रोएन हा माणूस पॅरिसमध्ये जन्मला, ५ फेब्रुवारी १८७८ ला. वडील हिऱ्यांचे व्यापारी, मूळचे हॉलंडचे ज्यू, आई पोलंडची, वॉर्सोची. ॲमस्टरडॅममधले त्यांचे पूर्वज फळं विकायचे, लिंबं वगैरे, म्हणून आडनाव पडलं लिमूनमन, म्हणजे शब्दशः लिंबूवाला. आपल्याकडे कसं तांबोळी, तेली, सोनार, तसंच. पुढच्या पिढीनं ते बदलून सित्रून केलं, डच भाषेत त्याचाही अर्थ लिंबूच, फक्त जरा झोकदार. कुटुंब पॅरिसला आल्यावर ई वर दोन टिंबं चढली आणि सित्रूनचं सित्रोएन झालं. फ्रेंचमध्ये लिंबाला सित्रों म्हणतात, त्यामुळे टिंबं दिली की जरा तरी अंतर पडतं. आता भारतात आपण सिट्रोएन, सिट्रॉन काहीही म्हणतो, मी लेखात गाडीला सिट्रोएन म्हणणार आहे, भांडू नका.

आता गिअर.

तुम्ही उसाच्या रसाचं लोखंडी मशीन बघितलंय ना, रसवंतीवरचं, बाजूला मोठी दातेरी चाकं उघडीच असतात, ग्रीसनं काळी झालेली. त्या चाकांचे दाते सरळ असतात, म्हणजे चाकाच्या जाडीला समांतर, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ. याला स्पर गिअर म्हणतात. बनवायला सगळ्यात सोपा, स्वस्त, आणि त्याचं काम तो इमानदारीत करतो. एकच भानगड आहे. दोन चाकं फिरताना एकाचा दाता दुसऱ्याच्या दात्याला भेटतो तो एकदम, अख्खाच्या अख्खा. एक क्षण आधी भेट नाही, आणि दुसऱ्या क्षणाला पूर्ण लांबीवर टक्कर. दर दात्याला एक ठोका. हळू फिरवलं तर कट कट कट ऐकू येतं, जोरात फिरवलं तर ते सगळे ठोके मिळून एक सलग घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज होतो.

हा आवाज तुम्ही रोज ऐकता खरं तर. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांमध्ये रिव्हर्स टाकला की एक कुंईईई असा आवाज येतो, पुढे जाताना कधी येत नाही. (काही लोकांनी रिव्हर्सला ते भयानक म्युझिक लावलेलं असतं त्यांना तो ऐकू येणार नाही, त्याला माझा इलाज नाही.) त्याचं कारण हेच, अशा गाड्यांत पुढच्या सगळ्या गिअरचे दाते तिरके असतात आणि रिव्हर्सचे सरळ, कारण रिव्हर्समध्ये आपण दहा-पंधरा फूट जाणार, तेवढ्यासाठी कोण खर्च करेल.

तर आता तिरके दाते. इथं विळी आठवा. विळीवर भोपळा कापताना आपण तो पात्यावर सपाट आपटत नाही, टेकवतो आणि पुढे सरकवतो, पातं एका टोकापासून आत शिरत जातं. कात्रीही तशीच, दोन पाती एकदम मिटत नाहीत, मुळापासून टोकाकडे एकेक बिंदू करत मिटतात, म्हणून कापड झटका न बसता कापलं जातं. तिरक्या दात्याचं तेच. दाता चाकावर तिरका असला की त्याची भेट एका कडेला सुरू होते आणि हळूहळू दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जाते, आणि हा दाता पूर्ण सुटायच्या आत पुढचा दाता आलेला असतो. म्हणजे कुठल्याही क्षणी भार एकाच दात्यावर नाही, दोन-तीन दाते वाटून घेतात. आवाज कमी, हादरे कमी, आणि त्याच मापाच्या चाकातून जास्त ताकद नेता येते. याला हेलिकल गिअर म्हणतात, गॅरेजवाले नुसतं हेलिकल म्हणतात.

मग सगळं जग हेलिकल का नाही वापरत? कारण तिरक्या दात्याला एक खोड आहे आणि ही खोड समजली की लोगो समजला.

स्क्रू घ्या हातात. स्क्रूचे आटे म्हणजे काय, दांड्याभोवती गुंडाळलेली तिरकी रेघ. तो फिरवला की नुसता फिरत नाही, पुढे सरकतो. तिरकेपणाचा गुणच तो, फिरवण्याच्या जोरातला थोडा जोर आडवा वळतो. हेलिकल गिअरचा दाता हा मनानं स्क्रूच आहे. तुम्ही त्याला सांगता बाबा रे जागेवर फिर, तो फिरतो, पण शेजारच्या चाकाच्या दात्यावर रेलून एका बाजूला सरकायलाही बघतो. आणि शेजारचा सरकायला बघतो उलट्या बाजूला. म्हणजे ज्या शाफ्टवर गिअर बसवलाय तो शाफ्ट सतत एका दिशेला ढकलला जातो. जितका दाता तिरका तितका ढकला जास्त, जितकी ताकद जास्त तितका ढकला जास्त. मग त्या टोकाला एक दणकट बेअरिंग लावायचं जे हा ढकला सोसेल. आज अशी बेअरिंगं सहज मिळतात, पण १९०० च्या आसपास आणि त्यातून पोलाद गिरण्या, जहाजं असल्या अवाढव्य यंत्रांत ही खरी डोकेदुखी होती.

आता सायकलच्या पेडलचं आठवतंय का, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात? ज्यानं कधी ते पेडल नेहमीच्या दिशेनं सोडवायचा प्रयत्न करून पाना आणि बोटं दोन्ही सोलून घेतलीत त्याला सांगायला नको. उजवे आटे एका दिशेला पळतात, उलटे आटे दुसऱ्या. मग समजा एकाच चाकाच्या अर्ध्या रुंदीवर उजवीकडे तिरके दाते काढले आणि उरलेल्या अर्ध्यावर तितकेच डावीकडे तिरके. एक अर्धा शाफ्टला इकडे ढकलणार, दुसरा अर्धा बरोब्बर तेवढ्याच जोरानं तिकडे. दोघांची रस्सीखेच बरोबरीत सुटली, दोर जागेवर. शाफ्ट हलत नाही, ते ढकला सोसणारं जाडजूड बेअरिंग लागत नाही, आणि तिरक्या दात्याचा गुळगुळीतपणा, शांतपणा सगळा शाबूत. उलट आता दाते आणखी तिरके करायलाही भीती नाही.

आणि चाकाच्या मधोमध हे दोन तिरके दाते जिथे भेटतात तिथे काय आकार होतो? व्ही. चाक नजरेसमोर धरलं तर व्ही खाली व्ही खाली व्ही, अशी रांग. डोळ्यासमोर येत नसेल तर ट्रॅक्टरचं मागचं टायर आठवा, त्याच्यावर ते जाड रबरी व्ही असतात ना, ते टायर लोखंडाचं आहे असं समजा, झाला गिअर. (टायरवरच्या व्हीचं कारण वेगळं आहे, ते चिखलासाठी, मी फक्त दिसायचं सांगतेय.) इंग्रज याला हेरिंग नावाच्या माशाच्या काट्यावरून ओळखतात. आपण कोकणातल्या हिशोबानं बोलायचं तर बांगडा खाऊन झाल्यावर ताटात उरतो तो काटा, मधे कणा आणि दोन्हीकडे तिरके काटे. फ्रेंच लोक मात्र याला म्हणतात शेव्हरों, आणि शेव्हरों म्हणजे मुळात छपराचा वासा. आढ्याच्या दोन्ही बाजूंनी उतरणारे दोन वासे, आकार तोच. फौजेतल्या फितींनाही तेच नाव. म्हणजे काका फारसे लांब नव्हते. हा वासा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढं छान आहे तर सगळेच का बनवत नव्हते? अहो बनवणार कसं. तिरका दाता कापायचा तर कटर एका कडेनं शिरतो, पूर्ण रुंदी कापत जातो आणि दुसऱ्या कडेनं बाहेर पडतो. व्ही दात्यात कटर एका कडेनं शिरला की मधोमध पोचल्यावर पुढे भिंत, कारण तिथून दाता उलट्या दिशेला वळलाय. थांबला नाही तर पलीकडच्या अर्ध्या दात्यांची वाट लावणार. कॅरमच्या खोलीत क्रिकेट खेळण्यासारखं, बॅट फिरवायला जागाच नाही. यावर लोक दोन जुगाड करायचे, एक तर मधे कटर बाहेर पडायला खाच सोडायची, म्हणजे व्हीचं टोक गायब, किंवा दोन वेगवेगळे हेलिकल गिअर करून एकमेकांना बोल्ट मारायचे. आणि दोन्ही अर्धे केसाएवढेही मागेपुढे झाले तर सगळा भार एकाच बाजूवर, मग कशाला एवढा उपद्व्याप. अखंड व्ही दाता, पोलादात, अचूक, आणि एक नाही तर गिऱ्हाइकांना हवे तेवढे, ही खरी कसोटी होती.

इथे आपले लिंबूवाले येतात.

आंद्रे सहा वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. पोरगा हुशार, एकोल पॉलिटेक्निक या फ्रान्समधल्या नामांकित कॉलेजात शिकला. १९०० मध्ये, बाविसाव्या वर्षी, तो आईच्या माहेरी पोलंडला गेला, आई नुकतीच वारली होती. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. गोष्ट अशी सांगतात की तिथे त्यानं एका सुताराला असे माशाच्या काट्यासारख्या दात्यांचे गिअर करताना बघितलं. त्यानं त्याचं पेटंट अगदी थोडक्या पैशात विकत घेतलं आणि पॅरिसला आला.

आता काही ठिकाणी लिहितात की व्ही दात्यांचा शोध आंद्रेनं लावला. नाही. त्याच्या आधीच दे लाव्हाल या स्वीडिश इंजिनिअरच्या वाफेच्या टर्बाइनमध्ये दुहेरी तिरके दाते होते. आंद्रेचं डोकं शोधात नव्हतं, ते ओळखण्यात होतं. हे मला उलट जास्त भारी वाटतं. सुट्टीला मामाच्या गावाला गेलेले आपण सगळेच, त्यातल्या किती जणांनी तिथल्या सुताराच्या हातातली वस्तू बघून ही पोलादात केली तर कारखाना उभा राहील असा विचार केला?

त्यानं केला. १९०५ च्या सुमारास जाक हिन्स्तां या मित्राबरोबर पॅरिसमध्ये गिअर बनवायचं छोटं वर्कशॉप सुरू झालं, पुढे १९१३ पर्यंत त्याची नावासकट कंपनी झाली, सित्रोएन गिअर कंपनी. गाड्या नाहीत, लक्षात घ्या, फक्त गिअर. गिरण्यांना, कारखान्यांना, अवजड यंत्रांना लागणारे. आणि तिची ओळख म्हणजे ते व्ही दाते. म्हणजे आज जो लोगो आपण गाडीवर बघतो तो जन्मला तेव्हा गाडीचा नव्हताच, ते मालाचं चित्र होतं. चांभाराच्या दुकानावर जोडा रंगवतात, न्हाव्याच्या दुकानावर कात्री, तसं गिअरवाल्याच्या दुकानावर गिअरचा दाता. यात प्रगती, डोंगर, बाण काही नाही हो. आम्ही हे बनवतो, एवढंच.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे १९०८ पासून त्यानं मोर्स नावाच्या डबघाईला आलेल्या गाडी कंपनीचा कारभार बघितला आणि तिचं उत्पादन वाढवून दाखवलं. अमेरिकेत जाऊन फोर्डच्या कारखान्यातली पद्धतही बघून आला. दुसरी म्हणजे पहिलं महायुद्ध. फ्रेंच तोफांना गोळे पुरेनात, तर यानं १९१५ मध्ये पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी जावेल भागात काही महिन्यांत तोफगोळ्यांचा कारखाना उभा केला, त्यात हजारो बायका कामाला होत्या, आणि युद्ध संपेपर्यंत तिथून दोन कोटींच्या वर गोळे बाहेर पडले. (जावेल हे नाव ओळखीचं वाटलं का? कपडे पांढरे करायचं ब्लीच पहिल्यांदा याच गावात बनलं, म्हणून त्याला जुनी मंडळी जावेल वॉटर म्हणतात. गाडीशी संबंध शून्य, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

युद्ध संपलं, गोळे नकोत, कारखाना रिकामा, कामगार आहेत, आणि एकसारखी वस्तू हजारोंनी बनवायची सवय लागलीय. १९१९ मध्ये त्याच जागेतून टाइप ए ही गाडी आली. १३२७ सीसी, १८ हॉर्सपॉवर, ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास. आकडे बघून हसू नका. तेव्हा बऱ्याच कंपन्या तुम्हाला नुसता सांगाडा विकायच्या आणि बॉडी, दिवे, टायर तुमचं तुम्ही बघा म्हणायच्या, तर ही गाडी दिव्यांसकट, सेल्फ स्टार्टरसकट, स्टेपनीसकट यायची, चावी घ्या आणि निघा. युरोपात मोठ्या संख्येनं साच्यातून काढल्यासारखी बनवलेली पहिली गाडी म्हणून हिचं नाव घेतात. आणि हिच्या नाकावर काय लावायचं? आंद्रेला फार विचार करावा लागला नसणार. निळ्या अंडाकृतीत पिवळे दोन व्ही. अख्ख्या गिअरची रांग न काढता दोनच दाते घेतले, बास, ओळखीपुरते.

बरं, हा माणूस जाहिरातीचा नुसता राक्षस होता. १९२२ च्या पॅरिस मोटर शोला विमानानं आकाशात धुरानं आपलं नाव लिहिलं. फ्रान्सभर रस्त्यांवर गावांच्या नावाच्या, वळणाच्या पाट्या लावून दिल्या, पाटीवर अर्थातच स्वतःचा ठप्पा. आपल्या गावच्या वेशीवर "सौजन्य" लिहिलेल्या पाट्या असतात, त्यांचा आजा म्हणा. पोरांसाठी खेळण्यातल्या सिट्रोएन गाड्या काढल्या, म्हणजे गिऱ्हाईक पाळण्यातूनच पकडायचं. आणि कळस म्हणजे आयफेल टॉवर. १९२५ पासून १९३४ पर्यंत टॉवरवर अडीच लाख दिव्यांनी उभं नाव झळकायचं, सित्रोएन. मला तर यात गंमत ही वाटते की सगळा धंदा ज्या वस्तूवर उभा राहिला तिचा मुख्य गुण म्हणजे आवाज न करणं, आणि मालक हा असा.

या जाहिरातबाजीतलीच एक मोहीम आपल्या बाजूलाही आली होती. १९३१ च्या एप्रिलमध्ये बैरूतहून सिट्रोएनच्या गाड्यांचा एक ताफा बीजिंगला निघाला, पुढे चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे अशा गाड्या. उन्हाळ्यात ते श्रीनगरला पोचले आणि तिथून हिमालय ओलांडून गिलगिटकडे निघाले, जिथे मोटारीचा रस्ताच नव्हता. पायवाट ढासळली की गाडी सुटी करायची, भाग हमालांच्या पाठीवर द्यायचे, पलीकडे नेऊन परत जोडायची. आपल्याकडे गाडी सर्व्हिसिंगला टाकली तरी परत जोडताना दोन नट उरतात. तर भारतात सिट्रोएन कंपनी रीतसर आली २०२१ ला, पण ते दोन व्ही काश्मीरच्या वाटांवर त्याच्या नव्वद वर्षं आधी येऊन गेले होते.

लोगोत मधे एक राजहंसही आला होता. १९३२ च्या सुमारास सिट्रोएननं इंजिन रबराच्या पॅडवर बसवायची पद्धत अमेरिकेच्या क्रायस्लरकडून घेतली, त्यामुळे इंजिनाची थरथर गाडीत येईना, जाहिरातीत त्याला तरंगतं इंजिन म्हणायचे. मग व्हीच्या पुढ्यात पाण्यावर तरंगणारा पांढरा हंस. छान दिसायचा, पण फार टिकला नाही. का ते समजायला लोगोतज्ज्ञ व्हायला नको, रबराचे पॅड थोड्या दिवसांत सगळ्यांच्याच गाड्यांत आले, मग तुमच्याच हंसाचं कौतुक कोण करणार?

१९३४ ला आली त्राक्स्यों आव्हां, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी. आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्या अशाच असतात, तेव्हा हे मोठं धाडस होतं. हिच्या नाकावर व्ही छोट्या बिल्ल्यात न ठेवता अख्ख्या जाळीवर मोठ्ठे चढवले. गाडी जबरदस्त, पण ती घडवायला आणि त्याच वेळी जावेलचा कारखाना नव्यानं बांधायला पैसा इतका लागला की डिसेंबर १९३४ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. सगळ्यात जास्त देणं होतं मिशेलिन टायरवाल्यांचं, कंपनी त्यांच्याकडे गेली. आयफेल टॉवरवरचे दिवे विझले. ३ जुलै १९३५ ला आंद्रे पोटाच्या कॅन्सरनं वारला, ५७ व्या वर्षी.

आपल्याकडे म्हणतात घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मघाशी सांगितलं ना, शेव्हरों म्हणजे वासा. इथं घर फिरलं, मालक गेला, पण हे दोन वासे मात्र जागचे हलले नाहीत. मिशेलिननं त्यांना हात लावला नाही, नंतर कंपनी प्यूजोकडे गेली तेव्हाही नाही, आता ती स्टेलँटिस नावाच्या भल्यामोठ्या गोतावळ्यात आहे तरी ते आहेतच. रंग मात्र बदलत गेले. १९८५ ला निळं-पिवळं जाऊन लाल चौकोनात पांढरे व्ही आले, २००९ ला लाल चौकट गेली आणि गोलसर, चकचकीत, फुगीर व्ही आले (त्या वर्षांत सगळ्याच कंपन्यांना लोगो फुगवायचा ताप आला होता), नंतर ते परत चपटे झाले, आणि २०२२ ला परत उभ्या अंडाकृतीत दोन व्ही, म्हणजे फिरून १९१९ च्या जवळपास.

आता शेवटचा प्रश्न, जो सोसायटीतल्या त्या भाच्यानं विचारलाच. मग या गाडीत आत हे व्ही दाते आहेत का? नाहीत. आजच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये साधे हेलिकल असतात, एकाच बाजूला तिरके. ढकला असतोच, पण गाडीच्या मापाचा ढकला आजची बेअरिंगं निमूट सोसतात आणि ती व्ही दाते कापण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. खरे व्ही दाते आज बघायचे तर पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये नाहीतर जहाजाच्या पोटात, जिथे ताकद इतकी असते की ढकला खरोखर मारायलाच लागतो. सिट्रोएन भारतात गाड्या बनवते तमिळनाडूत, तिरुवल्लूरला, आणि तिच्यासाठी गिअरबॉक्सचा कारखाना आहे होसूरला. म्हणजे शंभर वर्षांनी गिअरशी नातं आहेच, फक्त कपाळावरचा दाता वेगळा आणि पोटातला वेगळा. तिच्या एका गाडीचं नाव तर बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ. नाव ठेवताना यांना राजगड आठवला असेल असं मला उगाच वाटून घ्यायला आवडतं.

हे सगळं मी त्या दिवशी पार्किंगमध्येच सांगत बसले. पेढे संपले, माणसं पांगली, भाचा मोबाईलमध्ये गेला. काका मात्र शेवटपर्यंत उभे. मी ट्रॅक्टरच्या टायरचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली होती, ते लक्षात आलं होतं माझ्या. मग ते गाडीच्या पुढे गेले, जरा वाकले, आणि म्हणाले, "मग ताई, उलट्या न्हाईत ह्या. आमच्या ट्रॅक्टरच्या मागं उभं ऱ्हाऊन बघा कवा, टायरावर टोक वरच दिसतंय. खाली दिसलं तर समजायचं, टायर चुकीचा बसवलाय."